बेथोव्हनच्या टिपणवह्या
जर्मन संगीतरचनाकार लूटव्हिख व्हान बेथोव्हन (१७७०–१८२७) याने आपल्या रचना सिद्ध करताना केलेल्या कच्च्या लेखनाच्या वह्या. आरंभी तो सुट्या कागदांवर लिहीत असे. सु. १७९८ पासून मेजावर शाईने लिहावयाच्या मोठ्या बांधीव वह्या तो वापरू लागला. पुढे फिरावयास जाताना खिशात बाळगण्याच्या लहान वह्यांचीही त्यांत भर पडली. यांतील लेखन बहुधा पेन्सिलीचे आहे. दोन्ही प्रकारच्या मिळून सु. ७० वह्या ज्ञात आहेत.

प्रतिभेविषयीच्या एका लोकप्रिय समजुतीला या वह्या छेद देतात. १८१५ मध्ये फ्रीड्रिख रॉखलिट्स याने मोट्सार्टच्या (१७५६–९१) नावावर एक पत्र छापले. रचना मनात संपूर्ण साकार होते, ती केवळ उतरवून काढावयाची असते, असा त्याचा आशय होता. हे पत्र बनावट होते. तरीही ते दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. उलट, हायडनला १७८५ मध्ये सहा चतुष्के अर्पण करताना ती दीर्घ परिश्रमांचे फळ असल्याचे खुद्द मोट्सार्टने लिहिले होते. त्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिले नाही.

बेथोव्हन बहुधा एकाच ओळीत मुख्य स्वरावली लिहीत पुढे जाई व साथीचा तपशील पुढच्यासाठी सोडून देई. पर्यायी जागा ‘व्ही–डे’ या खुणेने जोडी. अधिक पसंत पडलेल्या पाठाशेजारी कधी ‘अधिक चांगले’ या अर्थाचा फ्रेंच शब्द लिही. फिडेलिओ या संगीतिकेतील फ्लोरेस्टानच्या गीताचे अठरा निरनिराळे आरंभ चरित्रकार थेअर याने मोजले. एवढ्याने काम संपले नाही. १८०५ मध्ये रंगभूमीवर आलेली ही संगीतिका १८०६ व १८१४ मध्ये पुन्हा बदलण्यात आली आणि तिच्यासाठी एकंदर चार पूर्वसंगीते रचली गेली.

तिसऱ्या सिंफनीची (एरोइका) १८०३–०४ मधील वही विशेष उद्बोधक आहे. पहिल्या भागात मुख्य स्वरविषय परतण्याच्या किंचित आधीच हॉर्न तो वाजवू लागतो. पहिल्या तालमीत वादक चुकला असे वाटून शिष्य रीस तसे बोलला आणि गुरूचा रोष त्याने ओढवून घेतला. ही ‘चूक’ टिपणांत आधीपासूनच आहे. म्हणजे सर्वच काही घासूनपुसून आले असेही नव्हे. काही कल्पना प्रारंभीच सुचून टिकल्या, इतर अनेक मात्र सामान्य स्वरूपात येऊन हळूहळू घडत गेल्या.

बेथोव्हनच्या मृत्यूनंतर १८२७ च्या नोव्हेंबरमध्ये व्हिएन्नात या वह्यांचा लिलाव झाला. त्यांतील पाने फाडून स्मरणवस्तू म्हणून वाटलीही गेली. गुस्टाफ नोटेबोम याने १८६५ व १८८० मध्ये दोन वह्यांचे विवेचन प्रसिद्ध करून त्यांच्या अभ्यासाचा पाया घातला. कागदावरील जलचिन्हे, शाईचे डाग व शिलाईची छिद्रे जुळवून विखुरलेल्या पानांचा मूळ क्रम लावण्याचे काम जॉन्सन, टायसन आणि विंटर यांनी केले. त्यांचा ग्रंथ १९८५ मध्ये निघाला. एरोइकाची वही दुसऱ्या महायुद्धात बर्लिनहून हलविण्यात आली. ती आता पोलंडमधील क्रॅको येथील विद्यापीठ ग्रंथालयात आहे.