विद्यार्थी कंपनी

विद्यार्थी कंपनी : शाळा-महाविद्यालयांतील मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीसाठी काढलेला छोटा पण खराखुरा धंदा. भांडवल उभे करणे, माल किंवा सेवा तयार करणे, ती विकणे, हिशेब ठेवणे आणि मुदत संपली की धंदा मोडून ज्याचे त्याला देऊन टाकणे, ही सगळी कामे मुलेच करतात. माल खरा असतो, गिऱ्हाईक खरे असते आणि तोटा झालाच तर तोही खरा. लुटुपुटीची असते ती फक्त कंपनीची कायदेशीर बाजू. पुस्तकातून धंदा शिकण्यापेक्षा ही पद्धत वेगळी. महाराष्ट्रात अकरावी-बारावीची वाणिज्य शाखेची मुले ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ या विषयात भागधारकांना लिहायच्या पत्रांचे नमुने पाठ करतात. त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात एकही भाग विकलेला किंवा घेतलेला नसतो.

या पद्धतीची देशोदेशी अनेक रूपे आहेत आणि वरवर पाहता ती सारखीच वाटतात. फरक कळायला दोन प्रश्न पुरतात. भांडवल कोणाचे? आणि धंदा बंद कसा होतो?

पद्धतशीर सुरुवात अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे १९१९ साली झाली. स्ट्रॅथमोर पेपर कंपनीचे होरेस मोझेस, अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीचे थिओडोर व्हेल आणि मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर व सिनेटर विन्थ्रॉप मरी क्रेन या तिघांनी ‘ज्युनिअर अचीव्हमेंट’ या संस्थेचा पाया घातला. तिघांपैकी दोघे कागदवाले. डॉलरच्या नोटांचा कागद क्रेन घराण्याच्याच गिरणीतून येई, तेव्हा मुलांना पैशाचे धडे द्यायला याहून लायक घराणे शोधूनही सापडले नसते. त्या काळी खेड्यांतली मुले शेती सोडून शहरांकडे आणि कारखान्यांकडे वळत होती. घरची शेती पाहत वाढलेल्या मुलाला पेरणीपासून बाजारापर्यंतचा सगळा व्यवहार डोळ्यांसमोर दिसे. कारखान्यात गेल्यावर त्याला फक्त आपल्यापुढचे यंत्र दिसणार होते. ही तुटलेली साखळी शाळेबाहेरच्या मंडळांतून जोडून द्यावी, ही मूळ कल्पना.

पुढे तिचा साचा पक्का झाला. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मुलांचा एक गट आठवड्यातून एकदा जमतो. गावातल्या एखाद्या उद्योगातली दोन-तीन माणसे मार्गदर्शक म्हणून येतात. त्यांनी सल्ला द्यायचा, हात लावायचा नाही. मुले आपल्यातून अध्यक्ष, खजिनदार, उत्पादन आणि विक्री पाहणारे निवडतात. मग घरोघरी फिरून अगदी अल्प किमतीचे भाग विकतात. सगळे भाग एकाच उदार काकांनी घेऊन टाकू नयेत, ही खबरदारी घ्यावी लागते. कारण भाग विकताना वीस अनोळखी माणसांच्या दारात उभे राहून ‘तुमच्या पैशाचे आम्ही काय करणार’ हे सांगावे लागते, आणि शिक्षण तिथेच सुरू होते. जमलेल्या पैशातून कच्चा माल येतो. लाकडी वस्तू, मेणबत्त्या, दागिने असे काहीबाही तयार होते. काम करणाऱ्या सभासदांना नाममात्र मजुरी आणि विक्री करणाऱ्यांना दलाली हिशेबात धरतात, म्हणजे श्रमालाही किंमत असते हे वहीतच दिसते.

या साच्यातला सगळ्यात मोलाचा भाग शेवटी येतो, आणि नकला करणाऱ्यांनी नेमका तोच गाळला. शालेय वर्ष संपत आले की कंपनी बंद करायची, असा नियमच असतो. उरलेला माल मिळेल त्या भावाने काढायचा, येणे वसूल करायचे, देणी फेडायची, ताळेबंद मांडायचा आणि प्रत्येक भागधारकाला त्याचे पैसे, नफा असल्यास लाभांशासह, अहवाल जोडून परत करायचे. पडून राहिलेल्या मालाची किंमत वहीत किती धरायची, या एका प्रश्नावर मुलांची जितकी डोकी चालतात तितकी वर्षभरात कशावरच चालत नाहीत. चाळीस मेणबत्त्या तयार करायला जो खर्च आला तो धरायचा, की आता कोणी घेतच नाही म्हणून शून्य? खजिनदार पहिल्या बाजूला असतो, विक्रीवाला दुसऱ्या. तोटा झालेल्या कंपनीलाही भागधारकांपुढे उभे राहून पैसे कुठे गेले हे सांगावेच लागते.

ब्रिटनमध्ये हीच पद्धत ‘यंग एंटरप्राइझ’ या नावाने १९६२ साली बँकर वॉल्टर सॅलोमन यांनी आणली. अमेरिकेतले काम पाहून त्यांना ती सुचली होती. अमेरिकेत १९७५ पासून शाळेच्या वेळातच मार्गदर्शक वर्गात येऊ लागले. त्यामुळे मुलांची संख्या प्रचंड वाढली, पण वर्षभर चालणाऱ्या कंपनीऐवजी काही तासांचे पाठ, असा मोठा बदलही झाला.

महाराष्ट्रात विद्यार्थ्याच्या हाताला काम आणि कामाला मोल देण्याचा विचार स्वतंत्रपणे वाढला. ज्युनिअर अचीव्हमेंट निघाली त्याच १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. स्वतः भाऊरावांनी ओगले काच कारखाना आणि किर्लोस्कर यांच्यासाठी विक्रीचे काम केले होते. कंदील आणि नांगर विकत गावोगाव फिरलेला माणूस शिक्षणसंस्था काढतो, तेव्हा श्रमाची किंमत त्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १९४७ साली साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजमुळे ‘कमवा व शिका’ ही योजना उच्च शिक्षणात आली. मात्र ती विद्यार्थी कंपनी नव्हे. तिथे विद्यार्थी शेतात, बांधकामावर, वाचनालयात राबतो आणि त्याला मोबदला मिळतो. भांडवल संस्थेचे, जोखीमही संस्थेची. गरीब मुलाचे शिक्षण त्यातून झाले, हे तिचे यश फार मोठे आहे. धंदा शिकवणे हा तिचा हेतूच नव्हता.

वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या ‘नई तालीम’ या हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या योजनेचा प्रश्न अधिक अवघड होता. मुलांनी तयार केलेला माल सरकारने घ्यावा आणि त्यातून शिक्षकांचे पगार निघावेत, अशी अपेक्षा होती. गिऱ्हाईक ठरलेले असल्यामुळे बाजाराची परीक्षा नाही, आणि पगार मालावर अवलंबून असल्यामुळे मुलांवर उत्पादनाचा दाब, असा दुहेरी धोका त्यात होता. योजना तयार करणाऱ्या झाकिर हुसेन समितीने आर्थिक बाजू वरचढ होऊन शिक्षण मागे पडेल, असा इशारा अहवालातच देऊन ठेवला होता.

या परंपरेतून निघूनही धंद्याच्या अगदी जवळ पोचलेला प्रयोग म्हणजे पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातला पाबळचा विज्ञान आश्रम. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ साली सुरू केला. त्यांनी माध्यमिक शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम बसवला : आठवड्यातला एक दिवस मुलांनी अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन यांतली कामे हाताने करायची. राज्य शिक्षण मंडळाने त्याला दहावीचा पूर्व-व्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. त्यातली खास गोष्ट म्हणजे लोकोपयोगी सेवा. माती तपासून देणे, रक्तातले हिमोग्लोबिन तपासणे, फेरोसिमेंटची टाकी किंवा लोखंडी जाळी बनवून देणे, ही कामे मुले गावासाठी करतात आणि त्यांचे पैसे घेतात. काम सुरू करण्यापूर्वी आकृती काढून कॉस्टिंग करावे लागते. जाळीला अँगल किती लागेल, कापताना वाया किती जाईल, वेल्डिंगच्या रॉडचे किती, वीज किती, मजुरी किती. वाया जाणारा तुकडा हिशेबात धरायचा राहिला की गिऱ्हाइकाला सांगितलेला भाव अंगावर येतो. इथे कंपनी नाही, भागधारक नाहीत, पण गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीतले आहे आणि टाकी गळली तर ते शाळेच्या दारात येते.

महाराष्ट्रातल्या शाळांत सर्वाधिक रुळलेला प्रकार यांपैकी एकही नाही. तो आहे आनंद मेळावा किंवा बालबाजार. डिसेंबर-जानेवारीत शाळेच्या पटांगणात मुले दुकाने मांडतात. शहरात भेळ, पाणीपुरी, इडली, सरबत. खेड्यात मेथी, कोथिंबिरीच्या जुड्या, बोरे, चिंचा, हरभऱ्याची गड्डी. सरपंच किंवा मुख्याध्यापक फीत कापतात आणि बहुधा त्यांच्याच हातून बोहनी होते. शिक्षक घासाघीस करत नाहीत, पालक तर मागतील ते देतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘बालबाजारात इतक्या हजारांची उलाढाल’ अशी बातमी येते. उलाढालच येते, नफ्याचा आकडा त्या बातमीत फारसा कधी नसतो.

तो नसण्याचे कारण भेळेच्या एका दुकानाचा हिशेब मांडला की समजते. समजा, चौघींनी २० रुपयांना एक याप्रमाणे ४० प्लेट विकल्या. विक्री ८०० रुपये. दुकानातून आणलेले चुरमुरे, फरसाण, शेव ३१० रुपयांची आणि द्रोण-चमचे ५० रुपयांचे. म्हणून नफा ४४०, असे मुली सांगतात. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू घरचे, त्याचे ९० रुपये धरले, चिंचगुळाच्या चटणीचे ६० धरले, की नफा २९० वर येतो. आईने तीन तास चटणी आटवली आणि कांदा चिरला. तासाला ५० रुपये इतकीच मजुरी लावली तरी उरतात १४०. तीन मैत्रिणी ‘उद्या देते’ म्हणून खाऊन गेल्या आणि तो उद्या आलाच नाही, म्हणजे आणखी ६० गेले. राहिले ८०, म्हणजे प्रत्येकीला २० रुपये, एका प्लेटची किंमत. हा हिशेब फळ्यावर मांडायला एक तास पुरतो आणि मेळाव्यातला सर्वांत भरीव तास तोच ठरेल. पण मेळावा संपेपर्यंत शाळा सुटलेली असते, पटांगण झाडायचे असते, आणि भांडवल घरचेच असल्यामुळे हिशेब मागायला कोणी येत नाही.

भांडवलाच्या प्रश्नाला चौथे उत्तर दिल्लीने दिले : सरकारचे. दिल्ली सरकारने २०१९ साली नववी ते बारावीसाठी उद्योजकतेची मनोवृत्ती घडवणारा अभ्यासक्रम सुरू केला आणि २०२१ मध्ये त्याला ‘बिझनेस ब्लास्टर्स’ हा कार्यक्रम जोडला. अकरावी-बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला २,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल, ते एकत्र करून गटाने धंदा करायचा, असे त्याचे स्वरूप होते. सुमारे ३ लाख मुलांसाठी ६० कोटी रुपयांची तरतूद झाली. निवडक गटांनी गुंतवणूकदारांपुढे केलेले सादरीकरण दूरचित्रवाणीवरही दाखवण्यात आले. ज्या मुलाच्या घरी भेळेपुरतेही पैसे सुट्टे नसतात त्याला हा पैसा फार मोठा आधार, यात शंका नाही. आनंद मेळाव्यात अशी मुले बहुतेक गिऱ्हाईकसुद्धा नसतात. दुसरी बाजू अशी की सरकारी पैशाला दारात येऊन विचारणारा भागधारक नसतो, आणि कॅमेऱ्यापुढे कल्पना पटवून देणे ही धंद्याची एक बाजू, तीही लहानशी, इतकी ठळक होते की उधारी वसूल करणाऱ्या मुलाचे कोणाला कौतुक उरत नाही.

भारतीय कायद्यानुसार अशा कंपनीला अस्तित्व नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करू शकत नाही. कलकत्त्याच्या एका सावकाराने अल्पवयीन मुलाला गहाणावर दिलेले कर्ज अशाच कारणाने बुडाले आणि १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच रद्दबातल ठरवला. मोहोरी बीबी खटला तो हाच. १९३२ च्या भागीदारी कायद्याने अल्पवयीनाला भागीदारीचे फायदे घेऊ दिले, भागीदार मात्र होऊ दिले नाही. म्हणून शाळेतील उपक्रमांत पावती, बँक खाते आणि जबाबदारी शाळेच्या किंवा पालकांच्या नावावर राहते.

यातून उद्योजक घडतात का, याची तपासणी युरोपात बरीच झाली आहे. नेदरलँड्समधील एका व्यावसायिक महाविद्यालयात ज्युनिअर अचीव्हमेंटच्या धर्तीवर चाललेल्या विद्यार्थी कंपन्यांचा अभ्यास ऑस्टरबेक, व्हान प्राग आणि आयसेलस्टाइन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. मुलांच्या उद्योजकीय कौशल्यांत म्हणावी तशी वाढ दिसली नाही आणि स्वतःचा धंदा काढण्याची इच्छा तर कमीच झाली. पुरस्कर्त्यांना हा निकाल झोंबला. वर्षभर खरा हिशेब ठेवल्यावर काही मुलांनी ‘हे आपले काम नाही’ असे ठरवले असेल, तर त्यांचे पुढचे पैसे वाचले, असेही म्हणता येते. स्वीडनमधील २०१५ च्या अभ्यासात मात्र उच्च माध्यमिक शाळेत अशी कंपनी चालवलेल्या मुलांनी पुढे मोठेपणी स्वतःचे धंदे काढण्याचे प्रमाण अधिक आढळले. ते धंदे अधिक काळ टिकले, असे मात्र आढळले नाही. नेदरलँड्समध्येच प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात पाच दिवसांचा उपक्रम केलेल्या मुलांबाबत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आणखी वेगळा आहे. त्यांचे धंद्याविषयीचे ज्ञान वाढले नाही, पण चिकाटी, जोखीम घेण्याची तयारी आणि स्वतःवरचा विश्वास वाढला.