हिरडीचा टायटॅनियमशी बंध

दंतरोपणात जबड्याच्या हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या कृत्रिम मुळाला, म्हणजे इम्प्लांटला, आणि त्यावर जोडलेल्या, दाताची कॅप धरणाऱ्या अबटमेंटला हिरडीची मऊ ऊती चिकटते. ही जोडणी लाळ, अन्नकण आणि जिवाणू यांना हाडापर्यंत पोचू देत नाही. इम्प्लांटला आधार हाड देते, तर त्या हाडाचे रक्षण हिरडी करते. म्हणून इम्प्लांट किती वर्षे टिकेल हे या दोन्ही जोडण्यांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी : स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांवरील प्रयोगांत टायटॅनियम हाडाशी घट्ट जुळल्याचे आढळले. १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात पहिले टायटॅनियम इम्प्लांट बसवले. पुढे बराच काळ संशोधनाचा भर हाडावरच राहिला. हिरडीकडे बारकाईने पाहिले गेले ते १९८० नंतर. १९९१ मध्ये बेरग्लुंड, लिंडे आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या नैसर्गिक दातांभोवतीच्या आणि इम्प्लांटभोवतीच्या हिरडीची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना केली. या बंधाविषयीचे आजचे बरेचसे ज्ञान त्या अभ्यासावर उभे आहे.

रचना : हवेशी संबंध येताच टायटॅनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो. हिरडीच्या पेशींची गाठ पडते ती या थराशी. रक्त आणि लाळेतील प्रथिने त्यावर आधी बसतात आणि पेशी त्या प्रथिनांना धरतात.

हिरडीच्या कडेपासून हाडाकडे जाताना प्रथम एक उथळ खाच लागते. तिच्या तळापासून सुमारे २ मिमी लांबीची अभिस्तर ऊती धातूला चिकटलेली असते. तिच्या पेशी हेमिडेस्मोसोम नावाच्या सूक्ष्म बंधांनी पृष्ठभाग धरतात. या बंधांत पेशीकडील इंटिग्रिन आणि पेशीबाहेरील लॅमिनिन ही प्रथिने एकमेकांत गुंततात. नैसर्गिक दाताशीही अभिस्तर अशाच रीतीने जुळलेला असतो.

त्यापुढे हाडापर्यंत १ ते १.५ मिमी संयोजी ऊती असते आणि खरा फरक तिथेच पडतो. नैसर्गिक दाताच्या मुळावर सिमेंटमचा थर असतो आणि हिरडीतील कोलॅजेनचे तंतू त्यात काटकोनात शिरून रुजलेले असतात. टायटॅनियमवर सिमेंटम नसते. त्यामुळे हाडाच्या आवरणापासून निघालेले तंतू पृष्ठभागाला समांतर धावतात आणि इतर काही तंतू पिंपाला बसवलेल्या लोखंडी पट्टीसारखे इम्प्लांटभोवती वेढा घालतात. तंतू धातूला आवळून धरतात, पण त्यात रुजत नाहीत. ऑक्साइडला लागून असलेल्या सुमारे ४० मायक्रोमीटर रुंदीच्या पट्ट्यात तंतुजनक पेशी दाटीने असतात आणि रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात.

रक्तपुरवठ्यातही उणेपणा राहतो. दाताभोवतीच्या हिरडीला हाडावरील आवरणातून आणि दात व हाड यांच्यामधील स्नायुबंधातून असे दोन्हीकडून रक्त मिळते. इम्प्लांटभोवती तो स्नायुबंधच नसल्याने दुसरा मार्ग बंद असतो.

बंध कसा जुळतो : शस्त्रक्रियेनंतर धातू आणि हिरडी यांच्यात रक्ताची गुठळी बसते. तिच्या जागी हळूहळू नवी संयोजी ऊती येते. प्राण्यांवरील अभ्यासांत पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून अभिस्तर पृष्ठभागावर सरकू लागलेला, चार ते सहा आठवड्यांत तंतूंची मांडणी झालेली आणि सहा ते आठ आठवड्यांत बंध पक्का झालेला दिसला. या बंधाला ठरावीक उंची लागतेच. हिरडी फार पातळ असेल, तर शरीर ती उंची मिळवण्यासाठी इम्प्लांटच्या कडेचे हाड झिजवते.

बंधावर परिणाम करणारे घटक : टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडची सिरॅमिक यांच्याशी हिरडी चांगली जुळते. सोन्याच्या मिश्रधातूवर आणि पोर्सेलीनवर प्रयोगांत तसा बंध तयार झाला नाही, तर हिरडी मागे सरली. अबटमेंट पुन्हापुन्हा काढून बसवल्यास बंध दर वेळी तुटतो आणि हाडाच्या दिशेने सरकून नव्याने जुळतो. म्हणून ते शक्य तितक्या कमी वेळा काढावे. कॅप बसवताना हिरडीखाली राहिलेले सिमेंट, सैल स्क्रू, धूम्रपान, आटोक्यात नसलेला मधुमेह आणि पूर्वीचा हिरड्यांचा आजार यांनीही धोका वाढतो. लेझरने काही मायक्रोमीटर रुंदीच्या खाचा कोरलेल्या पृष्ठभागावर तंतू काटकोनात जुळल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे.

बंध तुटल्यास : कडेला जिवाणूंचा थर साचला की हिरडी लाल होते, सुजते आणि हलक्या स्पर्शाने रक्त येते. या टप्प्यावर हाड शाबूत असते आणि नीट स्वच्छता केल्यास हिरडी पूर्ववत होऊ शकते. दुर्लक्ष झाले तर दाह हाडापर्यंत पोचतो. तंतूंचा रुजलेला अडसर नसल्याने तो दातापेक्षा वेगाने पसरू शकतो आणि झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. तपासणीत दंतवैद्य बोथट टोकाची मोजपट्टी अगदी हलक्या दाबाने खाचेत घालून खोली आणि रक्तस्राव पाहतात. सुरुवातीला घेतलेले माप आणि एक्स-रे पुढील तुलनेसाठी अत्यंत मोलाचे ठरतात.

इम्प्लांटला कीड लागत नाही, म्हणून त्याची काळजी नको, हा समज घातक आहे. रोज मऊ ब्रशने आणि दातांमधल्या फटींच्या बारीक ब्रशने कड स्वच्छ करावी, दंतवैद्याने सांगितलेल्या मुदतीत तपासणी करून घ्यावी आणि हिरडीतून रक्त आले तर दुखू लागण्याची वाट न पाहता लगेच दाखवावे.