हंटर आयोगापुढची जुनी तक्रार

१९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख असलेलं जोतीराव फुल्यांचं एक निवेदन आहे, हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं. तुम्ही-आम्ही शाळेत त्याबद्दल एका मार्काचं वाक्य पाठ केलं: 'प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी महात्मा फुले यांनी केली.' वाक्य खरं आहे. पण ते पाठ झालं की मूळ निवेदन वाचायची गरज कुणाला वाटत नाही. मी ते वाचलं माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत जायला लागल्यावर. तेव्हा मला ते एखाद्या थोर पुरुषाच्या विचारधनापेक्षा गावातल्या शाळेवर चिडलेल्या माणसाच्या हिशेबासारखं वाटलं.

आणि हिशेबच आहे तो. मुंबई इलाख्यात त्या काळी शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वसूल व्हायचा. त्यातला एक तृतीयांश शिक्षणासाठी. म्हणजे शाळेचा पैसा कुणब्याच्या घामाचा. पण सरकारचं लक्ष होतं वरच्या शिक्षणावर, कारण वरच्या वर्गांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, असा त्यांचा सिद्धांत होता. फुले विचारतात, ज्यांना तुम्ही शिकवलंत त्यांनी खालच्यांसाठी काय केलं? निदान स्वतःच्या घरी तरी गरिबांसाठी एखादा वर्ग काढला का? इलाख्यातल्या जवळपास नऊ दशांश गावांत, म्हणजे सुमारे १० लाख मुलांसाठी, शाळेची काहीच सोय नाही, असा आकडाही ते पुढे ठेवतात.

मला जास्त आवडतो तो निवेदनातला बारीकसारीक भाग. मुलांना काय शिकवावं? मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान. मास्तर कसा असावा? शक्यतो शेतकरी वर्गातला, प्रशिक्षित, नांगराला हात लावायला न लाजणारा. पगार? १२ रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात १५ किंवा २०. सक्ती कुठवर? वयाच्या १२व्या वर्षापर्यंत. आजच्या भाषेत सांगायचं तर हा माणूस नुसती घोषणा देत नव्हता, अंदाजपत्रक मांडत होता.

त्यातच एक सूचना आहे, जी वाचून मी थांबलो. फुले म्हणतात, मास्तरांना गावच्या कारभारात घ्या. गावचे हिशेब तपासणं, दस्त नोंदवणं, पोस्टमास्तरकी, स्टँपविक्री अशी कामं त्यांना द्या, म्हणजे गावात त्यांचा मान वाढेल. शिकवण्याखेरीजची कामं मास्तरांना द्या, असं चक्क फुले सांगत होते!

आता आमच्या शाळेत या. चार इयत्ता, दोन शिक्षक, पट ४१. एक सर पहिली-दुसरी सांभाळतात, दुसरे तिसरी-चौथी. ते चांगले आहेत, हे आधी सांगतो, कारण सरकारी शाळेवर टीका म्हणजे मास्तरला शिव्या असा एक आळशी प्रकार आपल्याकडे आहे. पण पोषण आहाराची ऑनलाइन नोंद, विद्यार्थ्यांची माहिती भरणं, मग कुठलंसं प्रशिक्षण, आणि मतदारयाद्यांचं काम निघालं की एक सर शाळेबाहेर. त्या दिवशी चारही इयत्ता एका खोलीत. शिक्षणहक्क कायद्याच्या २७व्या कलमात शिक्षकांना जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक एवढ्यापुरतंच बाहेरचं काम देता येतं. मोबाईलवर माहिती भरण्याला बाहेरचं काम म्हणत नाहीत, ते शाळेचंच काम धरतात. फुल्यांच्या मास्तरला कामाबरोबर मान मिळणार होता. आमच्या सरांना नुसता पासवर्ड मिळाला.

शाळा गावोगाव पोचायला फार वेळ लागला. हंटर आयोगाने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे सोपवायची शिफारस केली. ऐकायला लोकशाही, पण जबाबदारी खाली आणि पैशाची किल्ली वर, ही सवय तेव्हापासूनची, असं माझं मत आहे. सक्ती आधी केली ती संस्थानांनी. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये साऱ्या बडोदा संस्थानात सक्ती लागू केली. गोखल्यांनी १९११ मध्ये इंग्रजांच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्ती केली आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड लावला. एक रुपया! मास्तरचा पगार किती मागितला होता ते आठवा, म्हणजे दंडाचं वजन कळेल. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, शाळा त्यांच्याकडे गेल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला.

म्हणजे फुल्यांची मागणी मान्य झाली. शाळा गावात आली. आणि मग ज्यांच्या शब्दाला वजन होतं ते शाळेतून निघून गेले. सरपंचाची नातवंडं तालुक्याला पिवळ्या बसमधून जातात. शिक्षकांची स्वतःची मुलंही त्याच बसमध्ये असतात, आणि त्याबद्दल त्यांना दोष द्यायचा तर मलाही माझ्या भावाला द्यावा लागेल. राज्याने २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आणलं, तरी ओघ थांबला नाही. २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत, असा आदेश दिला होता. त्याची बातमी झाली. शाळा तशाच राहिल्या.

१८८२ ची तक्रार होती की पैसा गरिबाचा आणि शिक्षण वरच्यांचं. आजची जरा उलटी आहे. शाळा गरिबाची आणि निर्णय त्यांचे, ज्यांची मुलं तिथे नाहीत. याचा पुरावा २०२४ मध्ये मिळाला. फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर तिथल्या खाजगी विनाअनुदानित शाळेला गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागांतून सूट. गरिबाने आपल्या शाळेत जावं, एवढाच त्याचा अर्थ. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला. सरकारी शाळा चांगल्या असत्या तर पालकांनी त्या नियमाला विरोध केला असता का, हा प्रश्न मात्र कुणी फारसा विचारला नाही.

मी मुलीला काढून का घेत नाही, असं नातेवाईक विचारतात. एक तर फी. दुसरं, ती मराठीत भराभर वाचते, वर्गातल्या मारुतीपासून शबानापर्यंत सगळ्यांच्या घरी जाते, आणि हे मला फीच्या शाळेत दिसत नाही.

कायद्याने पालकांना एक हत्यार दिलंय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. आमच्याकडे बहुतेक वेळा सह्यांची वही घरोघर फिरते आणि बैठक झाली असं धरतात. मागच्या महिन्यात मात्र अकरा जण खरोखर जमले. मी तिसऱ्या शिक्षकाचा विषय काढला. सरांनी शांतपणे सांगितलं, "दादा, साठच्या वर पट गेल्याशिवाय तिसरं पद मंजूर होत नाही." मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "दोन मास्तरांच्या शाळेत पोरं वाढणार कशी, ते लिहून विचारा की त्यांना."

ते पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलंय. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने, एका पानात, सर्वांच्या सह्यांसकट.