पायली, ड्राम आणि ग्रेन

टेक्सासला गेलेल्या माझ्या कॉलेजमधल्या मित्राचा रात्री अकराला मेसेज आला. तो तिकडे शूटिंग रेंजवर जायला लागलाय आणि आता गोळ्या घरीच भरायच्या म्हणतोय. प्रोग्रेसिव्ह प्रेस नावाचं यंत्रही घेतलंय. हँडल एकदा ओढलं की चार-पाच जागी चार-पाच कामं एकदम होतात, आणि दर ओढीला एक तयार काडतूस खाली पडतं. अडलं होतं एकाच गोष्टीवर. दारू मोजायला मापाचा डबा घ्यायचा की इलेक्ट्रॉनिक काटा? "तू वजनकाट्यांचाच कोड लिहितोस ना, मग सांग की."

लिहितो खरा. मानकोली नाक्याजवळच्या एका गोदामात पट्ट्यावरून धावणारं प्रत्येक खोकं क्षणात तोलून, चुकीचं असेल तर बाजूला ढकलायचं, हे माझं काम. पण बंदुकीची दारू? (पिण्याच्या आणि उडवायच्या अशा दोन्ही वस्तूंना मराठीत एकच शब्द आहे, त्याला माझा इलाज नाही.) आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हाच, त्यामुळे अनुभव शून्य. म्हणून मागे जाऊन वाचायला लागलो.

मागे गेल्यावर पहिल्यांदा भेटली ती आजीची पायली. गोदामं यायच्या आधी आमच्याकडे भात मोजलं जायचं, तोललं नाही. पायली, तिच्या निम्मी अधोली. देताना काठावरून हात फिरवून सपाट, आणि माणूस घरचा असेल तर वर शीग. व्यापाऱ्याच्या तराजूवर आजीचा विश्वास नव्हता. ओलं भात तराजूत जड भरतं, पायलीत तितका फरक पडत नाही, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

जुनी काळी दारू नेमकी अशीच होती. सोरा, कोळसा आणि गंधक एकत्र कुटून तिचे दाणे पाडायचे. हवेतला ओलावा ती ओढून घेते, त्यामुळे वजन फसवं. शिवाय दाणे धान्यासारखे सुळसुळीत वाहतात. म्हणून ठासणीच्या बंदुकीसाठी शिंगाचं किंवा पितळेचं छोटं माप पुरायचं. इंग्रज ते ड्राममध्ये सांगत. ड्राम खरं तर वजनाचं एकक, पण शिकाऱ्याच्या हातात ते माप होऊन बसलं होतं.

सैन्यात मात्र शिपायाच्या हातून माप काढून घेतलं गेलं. १८५३च्या एनफिल्ड रायफलचं काडतूस म्हणजे कागदाची पुडी होती. आत आधीच मोजलेली अडीच ड्राम दारू, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, आणि सोबत शिशाची गोळी. दातांनी टोक फाडायचं, दारू नळीत ओतायची, पुडी उलटी करून गोळी आत ठासायची. लढाईच्या धांदलीत मोजायची कटकट नाही. इंजिनीअर म्हणून मला हे डिझाइन आवडतं. पण पुडी बंद असली की आत काय आहे आणि बाहेर काय फासलंय, याबद्दल बनवणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. १८५७च्या जानेवारीत डमडमला चरबीची बातमी फुटली, तेव्हा तो विश्वास उरलेला नव्हता. पुढे दाताऐवजी हाताने फाडायची मुभा दिली गेली, पण बॅरकपूरला मंगल पांडेंनी २९ मार्चला बंदूक उचललीच. सगळा उठाव पुडीमुळे झाला असं म्हणणं बाळबोध आहे. तरी दुसऱ्याने मोजून दिलेल्या मापावरचा संशय त्यात होता, हे मला पटतं. नंतर १८७८च्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगायलाही सरकारी परवाना लागू लागला.

आपल्या बाजूला १८६९मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. 'केएफ' ही काडतुसांच्या बुडावरची अक्षरं तिथलीच. इथपर्यंत ड्रामचं राज्य होतं. मग धूर न करणारी दारू आली आणि जुनं माप धोकादायक झालं. १८८८मध्ये इंग्रजांनी .३०३ काडतूस घेतलं, तेव्हा त्यात सुमारे ७० ग्रेन काळी दारू दाबलेली असे. काहीच वर्षांत तिची जागा कॉर्डाइटने घेतली, आणि तेच काम सुमारे ३० ग्रेनमध्ये भागू लागलं. जुन्या सवयीने नवी दारू ड्रामच्या मापाने भरणाऱ्यांच्या बंदुका फुटल्या. छऱ्यांच्या काडतुसांच्या खोक्यांवर 'ड्रामच्या बरोबरीचं' असा आकडा आजही छापतात, तो याच गोंधळाचा अवशेष.

कॉर्डाइट तर मापात ओतताच येत नाही. त्याच्या शेवयांसारख्या लांब काड्या. ठरलेल्या लांबीच्या काड्यांची जुडी आधी पितळी नळकांड्यात सरकवायची आणि मगच नळकांड्याचा गळा आवळायचा, कारण अरुंद गळ्यातून ती जाणार कशी? म्हणजे मोजायची पद्धत दारूच्या आकाराने ठरवली आणि तिच्यापुढे कारखान्यातल्या कामांचा क्रमही बदलला.

आणि ग्रेन म्हणजे मुळात जवाचा दाणा. आपला तोळाही कंपनी सरकारने १८३३मध्ये १८० ग्रेनला बांधून टाकला. ९६ गुंजांचा तोळा धरला तर गुंज भरते दोन ग्रेनच्या किंचित खाली. मित्राच्या अमेरिकन काट्यावरचा आकडा आजीच्या सोन्याच्या हिशेबापासून फार लांब नाही.

त्याच्या प्रेसवर बसतो तो डबा म्हणजे पायलीच. नळकांडं खाली आलं की एक खाच भरते आणि रिकामी होते. बारीक गोल दाण्यांची दारू त्यात छान वाहते. लांबट, काडीसारखे दाणे मध्येच अडकतात, मग एका काडतुसात कमी पडते आणि पुढच्यात जास्त. त्याहून वाईट म्हणजे हँडल अर्ध्यात थांबलं, माणसाचं लक्ष उडालं आणि एकाच नळकांड्यात दोनदा दारू पडली. डब्याला हे कळत नाही. काटा प्रत्येक वेळी बरोबर सांगेल, पण यंत्राच्या वेगाशी त्याचं जमणार नाही.

आमच्या गोदामात भरणारं यंत्र वेगळं आणि तोलणारं वेगळं असतं. सुरुवातीला एका ठिकाणी भरणाऱ्याच यंत्राने स्वतःला 'बरोबर' म्हणावं असा कोड मी लिहिला होता. दोन दिवस रिकामी खोकी ट्रकमध्ये चढत राहिली. ती नुसती खोकी होती.

रात्री एक वाजता त्याला लिहिलं: डबाच घे. तुझी दारू बारीक दाण्याची आहे ना, ते आधी बघ. काटाही घे, पण वेगळा. दर काही काडतुसांनी एक काढून तोल. आणि प्रत्येक नळकांड्यात गोळी बसवण्याआधी डोळ्यांनी वाकून बघ.

त्याचं उत्तर आलं, "म्हणजे दोन्हीचा खर्च?"

हो, म्हटलं.