अ‍ॅक्सोलोटलच्या टाकीला फिल्टर कोणता?

डोक्यामागे पिसाऱ्यासारखे पसरलेले कल्ले आणि चेहऱ्यावर कायमचे वाटणारे स्मित यांमुळे अ‍ॅक्सोलोटल हा मेक्सिकोतील उभयचर प्राणी आपल्याकडील हौशी मंडळींच्याही दिवाणखान्यात येऊन पोहोचला आहे. त्याला ‘चालणारा मासा’ म्हणण्याची पद्धत असली, तरी तो मासा नव्हे. तो सॅलमँडर आहे. बहुतेक सॅलमँडर मोठेपणी कल्ले गमावून जमिनीवर येतात, हा मात्र कल्ल्यांसह आयुष्यभर पाण्यातच राहतो. फिल्टर घेताना नेमका याचाच विसर पडतो आणि माशांच्या टाकीसाठी बनवलेले जोरकस यंत्र त्याच्या माथी मारले जाते. काही दिवसांत प्राणी अन्न सोडतो, शेपटीचे टोक गुंडाळून घेतो, कल्ले पुढच्या बाजूला वळतात. पाणी मात्र आरशासारखे नितळ दिसत असते.

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडील सोचिमिल्कोचे कालवे हे या प्राण्याचे मूळ घर. समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवरील हे पाणी थंड आणि जवळपास निश्चल असते. तेथे १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे सहा हजार अ‍ॅक्सोलोटल आढळले होते. २०१४ च्या पाहणीत ही संख्या ३६ वर आली. प्रदूषण आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प व तिलापिया मासे ही त्यामागची प्रमुख कारणे. घरोघरी दिसणारे प्राणी बंदिस्त पैदाशीतले असले, तरी त्यांची शरीररचना त्या संथ कालव्यांचीच आहे. पाण्यातील सूक्ष्म हालचाल टिपणारी संवेदनेंद्रिये त्यांच्या त्वचेवर असतात. सतत वाहता झोत अशा प्राण्याला एक क्षणही स्वस्थ बसू देत नाही.

फिल्टर म्हणजे पाणी गाळणारी चाळणी, हा दुसरा गैरसमज. गाळणे हे त्याचे दुय्यम काम आहे. गांडुळांवर ताव मारणारा, वीस-पंचवीस सेंटिमीटर लांबीचा हा मांसाहारी प्राणी भरपूर घाण करतो. त्याची विष्ठा आणि उरलेले अन्न यांतून तयार होणारा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, पण कल्ले जाळतो. फिल्टरमधील स्पंजावर वाढणारे जिवाणू या अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वसाहत वसण्यास साधारणपणे चार ते आठ आठवडे लागतात. तोवर टाकीत प्राणी सोडू नये. चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की टाकी तयार झाली असे समजावे.

एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर या कामाला सर्वांत साधा आणि स्वस्त. झोत सौम्य, जिवाणूंना जागा भरपूर आणि प्राणी आत ओढला जाण्याची भीती नाही. मात्र वेष्टनावर लिहिलेली क्षमता छोट्या माशांचा विचार करून दिलेली असते. अ‍ॅक्सोलोटलसाठी टाकीच्या दुप्पट क्षमतेचा स्पंज घेणेच शहाणपणाचे. काठावर टांगायचा फिल्टरही चालतो, पण त्याचे पाणी धबधब्यासारखे कोसळते; ते अडवण्यासाठी तोंडाशी स्पंज लावावा लागतो. खड्यांखाली बसवायचा फिल्टर मात्र सरळ बाद करावा. हा प्राणी अन्नासोबत खडे गिळतो आणि ते आतड्यात अडकून दगावू शकतो.

येथवर स्पंज फिल्टरचीच बाजू वरचढ ठरते. आपल्या हवेत मात्र हिशेब बदलतो. अ‍ॅक्सोलोटलला १६ ते १८ अंश सेल्सिअस पाणी मानवते, २४ अंशांपुढे त्याच्या जिवावर बेतू शकते. मुंबई किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात नळाचेच पाणी त्याहून गरम असते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि अमोनियाचा विषारी अंश वाढतो. पंख्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, त्यापलीकडे चिलर लागतो, आणि चिलरमधून पाणी फिरवण्यास पंप हवा. त्यामुळे येथे कॅनिस्टर फिल्टर आणि त्याला जोडलेला चिलर ही जोडीच व्यवहार्य ठरते. चिलरला दर तासाला किती पाणी लागते ते त्यावर लिहिलेले असते. त्यानुसार पंप निवडावा. पाणी शोषणाऱ्या नळीच्या तोंडावर स्पंज बसवावा. परतीचे पाणी भोके पाडलेल्या आडव्या नळीतून, काचेकडे तोंड करून सोडावे, म्हणजे झोत तेथेच विरतो. खर्च मोठा आहे. तो झेपणार नसेल तर हा प्राणी न पाळणेच बरे. शिवाय तो ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने, वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार होणाऱ्या नोंदणीचीही चौकशी आधी करावी.

कॅनिस्टर असला तरी एक छोटा स्पंज फिल्टर टाकीत सोबत ठेवावा. वीज काही तास गेली की बंद डब्यातील जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. वीज येताच तो तसाच सुरू केल्यास आतले कुजके पाणी टाकीत शिरते. म्हणून आधी डबा उघडून पाणी बदलावे. स्पंजाला मात्र बॅटरीवरील छोटा एअर पंप जगवतो. हा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर ठेवावा किंवा नळीत एकदिशा झडप बसवावी, नाहीतर वीज जाताच पाणी उलटे पंपात उतरते.

स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीन महिनाभराची वसाहत काही मिनिटांत नष्ट करू शकतो. पाणी बदलताना टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलक्या हाताने पिळावा आणि सगळे स्पंज एकाच दिवशी धुऊ नयेत.