७२ सालचा पार्का आणि बोहारणीचं गाठोडं

माझ्या कपाटात एक हिरवा पार्का आहे. गुडघ्यापर्यंत लांब आणि जड. पुण्याच्या हवेत वर्षातले पाच दिवससुद्धा घालता येणार नाही असा. आतल्या लेबलावर अर्धवट पुसलेला नंबर आहे: डीएसए-१००, मग ७२, मग आणखी काही आकडे. मी सॉफ्टवेअरवाला. नंबर दिसला की त्याचा फॉरमॅट शोधल्याशिवाय चैन पडत नाही. डीएसए म्हणजे डिफेन्स सप्लाय एजन्सी, अमेरिकी सैन्यासाठी खरेदी करणारं खातं, आणि ७२ म्हणजे कंत्राटाचं आर्थिक वर्ष. म्हणजे हा पार्का माझ्याहून पंचवीसेक वर्षांनी मोठा आहे.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने प्रोजेक्टसाठी सहा महिने लंडनला पाठवलं होतं. तिथे एका शनिवारी पोर्टोबेलो रोडच्या बाजारात मी हा ७० पौंडांना घेतला आणि त्याच रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला. आईने दोनच प्रश्न विचारले.

"केवढ्याला?"

"कुणाच्या अंगावरचा?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी खोटं दिलं. दुसऱ्याचं मला माहीतच नव्हतं.

आईचा प्रश्न उगाच नव्हता. आमच्या घरात जुने कपडे म्हणजे मामेभावाचे कपडे. सातवीत मी त्याची पँट घालायचो. माझी उंची वाढली तशी आईने खालची दुमड उसवून ती लांब केली, पण जुन्या दुमडीची गडद रेघ काही केल्या जाईना. वर्गात तिला 'झेब्रा क्रॉसिंग' असं नाव पडलं. पहिला पगार झाला तेव्हा मी सगळ्यात आधी दोन नव्या पँट घेतल्या. आणि आता तोच मी कुणाचा तरी वापरलेला कोट विकत घेऊन हौसेने मिरवत होतो. हे नक्की कसं झालं, म्हणून मी या पार्काचा इतिहास वाचायला लागलो.

सुरुवात होते कोरियाच्या युद्धापासून. तिथल्या थंडीसाठी अमेरिकी लष्कराने एम-५१ नावाचा पार्का काढला. त्याचा मागचा भाग माशाच्या शेपटीसारखा मधोमध चिरलेला असतो. ही दोन टोकं मांड्यांभोवती नाडीने बांधली की खालून वारा शिरत नाही. म्हणून त्याला 'फिशटेल' म्हणतात. माझा आहे तो त्याचा धाकटा भाऊ, एम-६५. खरा एम-५१ माझ्या बजेटच्या बाहेर होता. युद्ध संपलं, लष्कराकडे माल उरला आणि तो 'आर्मी सरप्लस' म्हणून दुकानांत स्वस्तात विकायला आला.

१९६०च्या सुमारास तो लंडनच्या मॉड पोरांच्या हाती लागला. मॉड म्हणजे कामगार किंवा निम्नमध्यमवर्गातली, कारकुनी नाहीतर दुकानात नोकरी करणारी मुलं. पगारातला मोठा हिस्सा सुटांवर जायचा. तीन बटणांचं जाकीट, अरुंद पँट, मागच्या चिरेची लांबी किती असावी हेसुद्धा शिंप्याला सांगून ठरवलेलं. फिरायला इटालियन स्कूटर, व्हेस्पा नाहीतर लॅम्ब्रेटा. आता लंडनच्या पावसात स्कूटरवर एवढा महाग सूट घालून जायचं म्हणजे पंचाईत. म्हणून वरून हा ढगळ लष्करी पार्का. पोचलं की काढून ठेवायचा. थोडक्यात, मॉडसाठी पार्का ही फॅशन नव्हती, फॅशनवर चढवलेलं कव्हर होतं.

१९६४च्या ईस्टरला क्लॅक्टन या किनाऱ्यावरच्या गावात आणि त्यानंतर मार्गेट, ब्रायटन, हेस्टिंग्ज इथे मॉड आणि त्यांचे विरोधक रॉकर यांच्यात हाणामाऱ्या झाल्या. वर्तमानपत्रांनी देश बुडाल्यासारख्या बातम्या दिल्या. प्रत्यक्षात नुकसान किती किरकोळ होतं आणि बातम्यांनी ते किती फुगवलं, यावर स्टॅनली कोहेन या समाजशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये पुस्तकच लिहिलं. पण स्कूटरवरचा पार्कावाला मुलगा लोकांच्या डोक्यात बसला तो बसलाच. १९७९ मध्ये 'क्वाड्रोफेनिया' हा सिनेमा आला, मॉड फॅशन परत आली आणि नव्या पोरांनी आधी शोधला तो पार्का. सूट मागे पडला आणि कव्हर हीच ओळख झाली.

हे सगळं मजेशीर आहे, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर यात नाही. या पोरांना जुन्या लष्करी कपड्यांची लाज कशी वाटली नाही?

त्यांच्या आईबापांना वाटली असती. ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून मार्च १९४९ पर्यंत कपड्यांवर रेशनिंग होतं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपन, आणि कोट, बूट, मोजे सगळं त्यातच भागवायचं. कापड वाचवण्यासाठी पुरुषांच्या पँटच्या खालच्या दुमडीवर काही काळ चक्क बंदी होती. सरकारने १९४३ मध्ये 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढली. आहे त्यात भागवा आणि फाटलं तर शिवा, असा सगळा उपदेश. त्या पिढीसाठी जुना कपडा म्हणजे सक्ती. म्हणून रेशनिंग उठल्यावर पन्नाशीच्या दशकातल्या टेडी बॉइजनी काय केलं बघा: मखमली कॉलरचे लांबलचक कोट शिवून घेतले. एडवर्ड राजाच्या काळातली ही ढब, त्यावरूनच 'टेडी' हे नाव. कापड वाचवा म्हणणाऱ्यांना गुडघ्यापर्यंत कापड वापरून दिलेलं उत्तर होतं ते.

दुसरी सक्ती लष्कराची. युद्धानंतरही ब्रिटनमध्ये तरुणांना सैन्यात जावंच लागायचं. आधी दीड वर्ष, मग कोरियाच्या युद्धामुळे पूर्ण दोन वर्षं. ही भरती १९६० मध्ये थांबली आणि शेवटचे जवान १९६३ मध्ये घरी आले. म्हणजे साठीच्या दशकात वयात आलेली मुलं ही अंगावर गणवेश न चढवता मोठी झालेली पहिली पिढी. आणि नेमकी तीच दुकानात जाऊन गणवेश विकत घेऊ लागली! पोर्टोबेलो रोडवरच 'आय वॉज लॉर्ड किचनर्स व्हॅले' नावाचं दुकान होतं. जुने लाल लष्करी डगले तिथे मिळायचे. मिक जॅगरने तसला डगला टीव्हीवर घातला, जिमी हेंड्रिक्सचं सोनेरी दोऱ्यांचं हुसार जाकीट तर आजही पोस्टरवर दिसतं. ज्या किचनरच्या पोस्टरने १९१४ मध्ये लाखोंना युद्धावर बोलावलं, त्याच्या नावाने आता पोरं गंमत करत होती.

मला यातून एवढं कळलं, की सक्ती संपली की कपडा मोकळा होतो. नाइलाजाने घातलेली जुनी पँट आणि आवडीने घेतलेला जुना कोट यांत कापडाचा फरक नसतो, नाही म्हणण्याच्या सोयीचा असतो. मामेभावाच्या पँटला मी नाही म्हणू शकत नव्हतो. मला आता परवडतं म्हणून मी 'व्हिंटेज' घालतो. माझ्या पार्कामध्येही हीच गोष्ट आहे. अमेरिकेतली सक्तीची लष्करभरती थांबली १९७३ मध्ये, म्हणजे हे कंत्राट निघालं तेव्हा ती अजून चालू होती. ज्याला हा पहिल्यांदा मिळाला, त्याला कदाचित कुणी विचारलंही नसेल.

इथेच लेख संपवणार होतो. पण अँजेला मॅकरॉबी यांचा १९८९चा एक निबंध वाचनात आला, सेकंडहँड कपड्यांच्या बाजाराबद्दलचा. त्यांचा मुद्दा साधा आहे. अशा टोळ्यांवर लिहिणारे अभ्यासक कपडे घालणाऱ्या पोरांबद्दल भरभरून लिहितात, पण ते कपडे विकत कोण घेतं, विकतं कोण, याकडे बघत नाहीत. जुन्या कपड्यांच्या त्या बाजारात तर बायका मोठ्या संख्येने होत्या. एखादी गोष्ट पुन्हा अंगावर घालण्यासारखी आहे, हे ढिगातून आधी त्यांनी ओळखलेलं असतं.

वाचलं आणि डोळ्यांसमोर आली ती आमच्या सोसायटीत येणारी बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्याला गाठोडं. आई जुने कपडे काढायची आणि दारात तासभर घासाघीस चालायची. बोहारीण शर्ट उजेडासमोर धरायची, कॉलर चोळून बघायची, चेन वरखाली करायची. "ताई, काखेत विरलंय, याच्यावर पातेलं नाही मिळायचं." मला वाटायचं, भाव पाडायला बोलते. ती खरं तर परीक्षा करत होती. तेच कपडे धुऊन, टाके घालून, इस्त्री करून पुढे बाजारात विकले जायचे. ज्यांना नाही म्हणायची सोय नाही, अशांच्या अंगावर ते जायचे. माझी झेब्रा क्रॉसिंगवाली पँटसुद्धा अशीच एका डब्यावर गेली.

हल्ली बोहारीण क्वचितच येते. मागच्या दिवाळीआधी आली, तेव्हा आईने मुद्दाम माझा पार्का आणून तिच्यापुढे टाकला. तिने तो उलटा केला, वजन घेतलं, शेपटीची दोन टोकं हातात धरून हसली. मग अस्तरावर बोट फिरवत थांबली.

"हे मशीनचं नाही. हाताने शिवलंय कुणीतरी. नीट शिवलंय."

डाव्या काखेखाली वितभर शिवण होती. दोरा थोडा वेगळ्या रंगाचा. दोन वर्षं पार्का माझ्याकडे होता, त्याचा नंबर मी पाठ केला होता, पण हे मला दिसलं नव्हतं. आईने वाकून बघितलं. 'कुणाच्या अंगावरचा' याचं उत्तर तेवढंच मिळालं: कुणाच्या तरी, ज्याच्यासाठी कुणीतरी हा एकदा बसून शिवला.

"इकडे कोण घेणार एवढा जाड," बोहारीण म्हणाली. "दोन वाट्या देईन."

आई माझ्याकडे वळली. "आता खरं सांग, केवढ्याला घेतलास?"

मी खरं सांगितलं. सात हजारांच्या वर. दोघीही एकदमच हसायला लागल्या.