वजनगटाचा प्रश्न आणि महिला मुष्टियुद्ध : अल्फिया पठाण यांच्या कारकिर्दीच्या संदर्भात

भारतीय महिला मुष्टियुद्धाचा इतिहास सामान्यतः मेरी कोम यांच्या पदकांच्या आधारे सांगितला जातो. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा 2001 मध्ये अमेरिकेतील स्क्रँटन येथे झाली. तीत त्यांना रौप्यपदक मिळाले. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिला मुष्टियुद्धास प्रथमच स्थान मिळाले, तेव्हा त्या कांस्यपदकाच्या मानकरी ठरल्या. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील एका खेळाडूच्या आधारे या इतिहासाची काहीशी दुर्लक्षित बाजू, म्हणजे वजनगटांची रचना, तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

नागपूरच्या अल्फिया पठाण यांनी एप्रिल 2021 मध्ये पोलंडमधील युवा जागतिक स्पर्धेत 81 किलोवरील गटाच्या अंतिम लढतीत मोल्दोव्हाच्या दारिया कोझोरेझ यांचा 5-0 असा पराभव केला. त्या स्पर्धेत भारतीय मुलींनी सात सुवर्णपदके पटकाविली, त्यांपैकी हे एक होय. नोव्हेंबर 2022 मध्ये जॉर्डनमधील अम्मान येथील आशियाई स्पर्धेत त्या वरिष्ठ गटातही विजेत्या ठरल्या. अंतिम लढतीत यजमान देशाची प्रतिस्पर्धी अपात्र ठरली, हे येथे नमूद केले पाहिजे. मात्र त्यामुळे पदकाचे मोल कमी होत नाही.

याच स्पर्धेत लव्हलिना बोरगोहेन यांनी 75 किलो गटात सुवर्णपदक मिळविले. टोकियोमध्ये त्यांनी 69 किलो गटात कांस्यपदक जिंकले होते. परंतु पॅरिसच्या कार्यक्रमात तो गट नसल्याने त्यांनी वजन वाढविले आणि त्या ऑलिम्पिकला गेल्या. अल्फिया यांच्यापुढे असा पर्याय नव्हता. लंडनमध्ये महिलांसाठी तीन गट होते, टोकियोत पाच, पॅरिसमध्ये सहा. वरची मर्यादा मात्र प्रत्येक वेळी 75 किलोच राहिली. पुरुषांना 1984 पासून 91 किलोवरील गट उपलब्ध होता. ‘जड’ स्त्रीदेह खेळाडूचा असू शकतो, हे गृहीतच धरले गेले नसावे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

पुण्याच्या देविका घोरपडे यांनी 2022 मध्ये स्पेनमध्ये 52 किलो गटात युवा जागतिक विजेतेपद मिळविले. हाही गट ऑलिम्पिकमध्ये नव्हता. पण त्याच्या दोन्ही बाजूंस 50 व 54 किलोचे गट होते. आमच्या नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत यांची वाट तर वजनकाट्यावरून गेलीच नाही; सावरपाड्याची ही धावपटू 2016 मध्ये रिओच्या मॅरेथॉनपर्यंत पोहोचली.

ऑलिम्पिकचे दार बंद असलेल्या गटात जागतिक स्पर्धेतील देशाची एकमेव जागा हेच सर्वोच्च लक्ष्य उरते. 2023 च्या दिल्लीतील जागतिक स्पर्धेत ही जागा हरियाणाच्या नूपुर श्योराण यांना मिळाली. त्यांनीच 2025 मध्ये लिव्हरपूल येथे 80 किलोवरील गटात रौप्यपदक मिळविले. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्त्री व पुरुष दोघांनाही प्रत्येकी सात गट मिळाले आहेत. पुरुषांचा शेवटचा गट 90 किलोवरील, स्त्रियांचा 75 किलोचा.